पडद्यावरचे हात

दिवाळीचे दिवे विझतात आणि आमच्याकडची पऱ्हाटी फुटायला लागते. सकाळच्या धुक्यात वावर नुसतं करडं असतं. ऊन वर चढलं की बोंडाबोंडातून बाहेर आलेला कापूस दिसू लागतो. कळंबच्या स्टँडवर एसटीतून उतरलं की हवेतच तो कळतो. वाळल्या पानांचा, थोडा धुळकट, नाकात हुळहुळणारा वास. नोकरीमुळे मी यवतमाळला राहते, पण या दिवसांत चार-आठ दिवस गावी येतेच. भाऊ म्हणतो, तुला वेचायचं कमी आणि बघायचं जास्त असतं. खरं आहे त्याचं. वेचणं मला कधी धड जमलं नाही. बोंडाची टोकं बोटांत घुसतात, आणि माझी कमरेची ओटी अर्धी होईपर्यंत बाकीच्या बाया झाडांची पाथ संपवून परत फिरलेल्या असतात.

यंदा आले तेव्हा भाची अंगणात मोबाईल घेऊन बसली होती. म्हणाली, आत्या, हे आपल्या गावचं देऊळ आहे का गं? पाहिलं तर आमच्या गावात काढलेला तोच सिनेमा. त्यातला नेमका तोच तुकडा कुणीतरी कापून, खाली बासरी लावून फिरवत होतं. जुन्या काळातलं खेडं. देवळापासून लांब उभी असलेली एक म्हातारी. तिचा चेहरा, डोळ्यांत पाणी. आणि मग पडदाभर दोन हात, जोडलेले, मातीने माखलेले, जरासे थरथरणारे. भाचीचे डोळे भरून आले होते. तेव्हा लोक किती वाईट वागायचे ना, ती म्हणाली. मी हो म्हटलं आणि रिकामी कपबशी उचलून आत गेले.

चेहरा पंचफुलामायचा आहे. हात माझे आहेत.

हे वाक्य लिहायला मला पंधरा वर्षं लागली. तोंडाने बोलायला त्याहून थोडी कमी लागली, पण तीही जास्तच.

मी तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत गावी आले तर गावाचं रूपच पालटलेलं. सिनेमावाले आले होते. त्यांना दोनशे वर्षांपूर्वीचं वऱ्हाडातलं खेडं दाखवायचं होतं आणि आमचं गाव पाहून, इथे फारसं काही बदलावं लागणार नाही, असं त्यांना वाटलं होतं. खरं तर आम्हाला राग यायला हवा होता. आम्ही फुशारलो. घरांवरच्या डिशच्या छत्र्या उतरल्या, विजेच्या खांबांना तुराट्या बांधल्या गेल्या. ज्या बायांनी नवऱ्याशी महिना महिना अबोला धरून ओट्याला लाद्या बसवून घेतल्या होत्या, त्यांनीच हसतहसत त्या लाद्यांवर शेणकाला ओतू दिला. ऐन वेचणीचा मोसम, आणि वेचायला बाया मिळेनात. सगळ्या सिनेमात. वावरात कापूस लोंबत राहिला आणि बाबा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून सिनेमाला शिव्या घालत राहिले. दोन दिवसांनी त्यांनाही पागोटं बांधून पारावर बसवलं, तेव्हा शिव्या थांबल्या.

दिग्दर्शकाच्या हाताखाली पुण्याच्या एक बाई होत्या. चष्मा, सुती कुडता, गळ्यात शिट्टी. स्वभावाने गोड. मी शुद्ध बोलते आणि अक्षर बरं आहे, एवढ्यावर त्यांनी मला हाताशी धरलं. एक वही दिली. म्हणाल्या, एका पानावर गावातली माणसं लिही, दुसऱ्यावर वेशीबाहेरची. लगेच घाईने पुढे म्हणाल्या, म्हणजे कथेतली गं. कोण शोभेल ते तूच बघ.

मी पारावर बसून याद्या केल्या. समोरचा चहा गार व्हायच्या आत दोन्ही पानं भरली. पहिल्या पानावर आमचं घर, पाटलांची घरं, माळ्यांची आळी. दुसऱ्या पानावर नाल्यापलीकडचा पुरा. तिथे बौद्धांची घरं आहेत. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, छप्पन साली, त्या पुऱ्यातली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. तिथे विहार आहे, शिकून नोकरीला लागलेली मुलं आहेत. पण मला वेशीबाहेर म्हटल्याबरोबर नाल्यापलीकडचंच आठवलं. कुणी तसं सांगितलं नव्हतं. हेच मला आता जास्त खुपतं. सांगितलं असतं तर त्याच्यावर ढकलता आलं असतं. बाईंनी याद्या वाचल्या, किती पटकन केलंस म्हणाल्या. त्यांनाही काही विचारावंसं वाटलं नाही.

पहिल्या पानाला नऊवारी, नथी, पागोटी मिळाली. दुसऱ्या पानाला चहाच्या पाण्यात उकळून फाडलेली लुगडी. माझी आई नथ घालून आरशासमोरून हलेना. सुनंदा मात्र कपडेपटाच्या तंबूपर्यंत आली, लुगडं हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि घडी घालून परत ठेवलं. सुनंदा म्हणजे पंचफुलामायची सून, अंगणवाडीत काम करायची. माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाली, "दोनशे वर्सं मागं जायले तुमाले गाडीबी नाही लागली, ज्योतीताई. बसल्या जागीच पोचले तुमी."

मला तिचा राग आला होता. उगाच प्रत्येक गोष्टीत काहीतरी काढते, असं वाटलं होतं.

पंचफुलामाय आमच्या वावरात वेचायला येई. माझ्या आठवणीत ती कधी तरुण नव्हती आणि कधी थकलेलीही नव्हती. दोन्ही हातांनी वेचायची, झाडाकडे न बघता. बोलणं एकीकडे चालू, हात एकीकडे. वेचणीच्या पहिल्या दिवशी आई धुऱ्याजवळच्या झाडाशी सीतादही करायची, हळदकुंकू, दहीभात, झाडाला दह्याचं बोट. सगळ्या बाया गोळा व्हायच्या. पंचफुलामाय मात्र तेवढा वेळ पाठ करून, कमरेची ओटी बांधत उभी राहायची. नाराज नसायची. पूजा आटोपली की वळायची आणि चाला म्हणायची. मी लहानपणी विचारलं होतं, तू काहून नाही येत? तर म्हणाली, मायं वेगळं हाये बाई. एवढंच.

सुट्टीत मला एकच काम असे, वेचणाऱ्या बायांना पाणी नेऊन देणं. डोक्यावर पाण्याची छोटी गुंड, हातात गडवा, म्हणजे तांब्या. आमच्या भावकीतल्या बाया गडवा घेऊन वरून पाणी प्यायच्या. पंचफुलामाय आणि पुऱ्यातल्या बाकीच्या बाया ओंजळ धरायच्या आणि मी वरून ओतायची. आई म्हणे, वावरात गिलास नेला की हरवतो. मला ते पटलेलं होतं. वरून धार पडायची, पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळायचं, पुरे झालं की ती हनुवटी वर करायची. त्या धारेत ऊन चमकायचं. मला ते काम फार आवडायचं.

ती दुसऱ्या पानावर होती आणि सुनंदाने नको नको म्हटलं तरी ती आली. तिने कारण सांगितलं होतं, मी तिथेच होते. सिनेमात विहिरीचा प्रसंग होता. वेशीबाहेरच्या बायका विहिरीपासून दूर, रिकामी मडकी घेऊन, कुणीतरी येऊन पाणी घालील म्हणून उभ्या. विहीर खरी होती, आमच्या गावचीच, देवळामागची. ती म्हणाली, "मायी माय इथंच उभी राहे. हाच बाभळीचा बुंधा. मी तिच्या लुगड्याले धरून. लोकाईले दिसू दे ना, कसं होतं ते." आणि ती उभी राहिली. उन्हात, तासन् तास. शूटिंगमधल्या लोकांनी छत्री धरली तर म्हणाली, राहू द्या, माह्या मायले कुठं होती.

विहिरीचा प्रसंग झाला. दुसऱ्या दिवशी देवळाचा होता. कथेत त्या म्हातारीचा नातू आजारी असतो आणि ती देवळाच्या पायरीपासून खूप लांब उभी राहून देवाला हात जोडते. पुण्याच्या बाईंनी समजावून सांगितलं. पंचफुलामायने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, उभी राहतो, रडतो. हात नाही जोडणार.

आधी कुणाला कळलंच नाही. मग तिने सांगितलं. ती सहा-सात वर्षांची होती, बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला गेली होती. एवढी माणसं तिने पुन्हा कधी पाहिली नाहीत. सगळे उभे राहून एका सुरात म्हणत होते आणि तिची आईही म्हणत होती, तिला कळत नव्हतं तरी तीही म्हणाली. या देवांना मानणार नाही, पुजणार नाही. गावी आल्यावर आईने देव्हाऱ्यातले टाक टोपलीत घातले आणि नाल्याला नेऊन सोडले. परत येताना तिला सांगितलं, तूबी बोलली हायेस, आता शबूद मोडायचा नाही. तेवढंच. त्यानंतर तिने त्या देवळाकडे हात जोडले नव्हते. नवरा सर्पदंशाने गेला तेव्हाही नाही, आणि तेव्हा जोड म्हणणारे गावात खूप होते.

शेवटी दिग्दर्शक स्वतः आला. दाढीवाला, समजूतदार माणूस. तिच्यापाशी उकिडवा बसला आणि त्याने स्वतःच तिला हात जोडले, तेव्हा सगळे हसले. म्हणाला, आजी, तुम्ही विहारात हात जोडताच ना? म्हणाली, जोडतो. म्हणाला, आणि हा काळ दोनशे वर्षांपूर्वीचा आहे, तेव्हा कुठे दीक्षा होती, तेव्हाची बाई हात जोडणारच. तो चुकीचं बोलत नव्हता. पंचफुलामायने थोडा विचार केला.

"तवाची बाई असन, पन हात तं आताचे हायेत ना. तोंड घ्या मायं, पाहिजे तितक्या खेपा. हात नोका मागू."

त्याने मान हलवली. तिचा चेहरा घेतला. ती कशासाठी रडली मला माहीत नाही, पण खरी रडली. कदाचित विहिरीपाशीचंच अजून आत असेल. ती गेल्यावर पुण्याच्या बाई म्हणाल्या, हात नंतर कुणाचेही घेऊ, जवळून घ्यायचेत, कळणार नाही. आणि इकडेतिकडे पाहताना त्यांची नजर माझ्यावर पडली.

मी एकदाही नाही म्हटलं नाही. उलट मला वाटलं, किती छान सुटलं, तिचंही राहिलं आणि सिनेमाचंही. दुसऱ्या दिवशी दुपारी, तंबूमागे, गावातलं कुणी नसताना माझ्या बांगड्या उतरवल्या, हातांना माती आणि राख चोळली, बोंडाने ओरबाडल्यासारख्या रेघा रंगवल्या. खऱ्या रेघा माझ्या हातांवर नव्हत्या. जरा थरथरू दे, बाई म्हणाल्या. मी थरथरवले. मेकअपवाल्याने हात धुवायला गरम पाणी दिलं. पंचफुलामाय त्या वेळी आमच्याच वावरात वेचत होती. संध्याकाळी बैलबंडीतून परतली, तेव्हा मी अंगणात नखांतली राख काढत बसले होते. तिने हात वर करून येतो म्हटलं. मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही, आणि वाटलं असतं तर कदाचित आणखीच सांगितलं नसतं.

सिनेमा यवतमाळच्या थेटरात लागला तेव्हा मी मैत्रिणींना घेऊन गेले. माझे हात दाखवायला. पडद्यावर तिचा चेहरा आला, मग माझे हात आले, आणि दोन्ही असे जुळले होते की मलाही क्षणभर ते तिचेच वाटले. थेटरात लोक रडत होते. मीही रडले. आपल्याच हातांकडे पाहून रडणारी मी तिथे एकटीच असणार. बाहेर पडताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर हलकं झाल्यासारखं काहीतरी होतं. केवढा अन्याय होता तेव्हा, लोक म्हणत होते. ‘तेव्हा’ हा शब्द मी त्या दिवशी दहा वेळा तरी ऐकला. तो उच्चारला की चप्पल घालून घरी जाता येतं.

वर्षभराने तो टीव्हीवर आला आणि सगळ्या गावाने पाहिला. आमच्याकडे आळी गोळा झाली होती. आईची नथ दिसली, टाळ्या. बाबांचं पागोटं दिसलं, शिट्ट्या. पुऱ्यातही प्रत्येक घरी तोच लागला होता. तिथे देवळाच्या प्रसंगापर्यंत सगळ्यांना अभिमान होता, असं सुनंदाने मला पुढे सांगितलं. मग ते हात आले.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, माय, जोडलेच का शेवटी? ती म्हणाली, माये नोहेत ते. त्यावर कुणी वाद घातला नाही. म्हाताऱ्या माणसाशी कोण वाद घालतं. पण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. चेहरा तिचा, मग हात कुणाचे? कुणी म्हणालं, सिनेमावाल्यांनी गोड बोलून करून घेतलं असेल, बिचारी भोळी आहे. ही दया तिला त्या संशयाहून जड गेली असणार. तिला भोळी म्हटलेलं कधी चालत नसे.

पुऱ्यातल्या विहारात दर पौर्णिमेला वंदना असते. पंचफुलामायची जागा पहिल्या ओळीत, उजव्या कोपऱ्याला. वंदना झाली की सगळे मिळून त्या बावीस प्रतिज्ञा म्हणतात आणि त्यांची सुरुवात ती करायची, कारण ज्या दिवशी त्या दिल्या गेल्या त्या दिवशी तिथे असलेली गावात ती एकटीच उरली होती. त्यानंतरच्या पौर्णिमेला ती आली आणि शेवटच्या ओळीत, दाराशी, चपलांजवळ बसली. तिला कुणी उठवलं नव्हतं. पुढे ये म्हणून दोघी-तिघींनी हाकही मारली. ती म्हणाली, इथंच बरं हाये. सुरुवात दुसऱ्या कुणीतरी केली. नंतर तीच पद्धत पडली.

हे मला सुनंदाने सांगितलं ते पुढच्या दिवाळीला, नाल्याच्या पुलावर. मला दोष द्यायला नाही, तिला माहीत नव्हतं. नुसतं मन मोकळं करायला. मायचा शब्द खरा की टीव्ही खरा, मलेच समजून नाही राह्यलं, ती म्हणाली. सूनसुद्धा. मी पुलाच्या कठड्याला धरून उभी होते आणि माझे दोन्ही हात तिच्यासमोर कठड्यावर होते. एक वाक्य होतं फक्त. ते न बोलता मी विचारलं, पोरांच्या शाळा कधी सुरू होतात?

घरी येऊन आईला सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. सिनेमाच तर आहे, ती म्हणाली, आता गावभर हात दाखवत फिरशील का? आणि लोक म्हणतील, घरची पोर पुऱ्यातली म्हणून उभी राहिली. शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निसटलं असावं, कारण नंतर ती लाटण्याकडेच पाहत राहिली. मी तिला दोष देत नाही. मला ते वाक्य ऐकून धक्का बसला नाही, यातच सगळं आलं. पहिलं पान आणि दुसरं पान. पडद्यावर माझे हात दुसऱ्या पानावर गेले होते, आणि ते कुणाला कळू नये अशी माझीही कुठेतरी इच्छा होती. याची मला लाज वाटते. लिहितानाही वाटते.

मग लग्न, नोकरी, मूल. दर वर्षी पऱ्हाटी फुटायची आणि मी गावी यायची. पंचफुलामाय वावरात भेटायची. पाणी द्यायचं काम आता माझ्याकडे नव्हतं, भावाने प्लास्टिकचा जार आणि ग्लास ठेवले होते, आणि तो फार पुढारलेला माणूस असल्यासारखा ते दाखवायचा. पंचफुलामाय तेच जुनं हसायची, बाई आली का म्हणायची. तिच्या वागण्यात तसूभर फरक पडला नव्हता. मी मनाशी म्हणायची, विसरली असेल. माणसाला स्वतःच्या सोयीचं किती पटकन पटतं.

गेल्या वर्षी आले तेव्हा ती वावरात नव्हती. पाय सुजले होते, घरीच असते म्हणाले. मी पहिल्यांदा तिच्या घरी गेले. पस्तीस-छत्तीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा, आणि मधे फक्त एक नाला आहे. ती अंगणात उन्हाला बाजेवर बसून न उमललेल्या बोंडांतली कवडी, म्हणजे आत चिकटून राहिलेला कापूस, काढत होती. हात अजून तसेच, न बघता चालणारे. सुनंदा अंगणवाडीत गेली होती. मी बाजेच्या कडेला बसले. काहीबाही बोलले. मग म्हणाले, "माय, सिनेमातले ते हात माझे होते."

तिने बोंड फोडलं, कवडी टोपलीत टाकली, टरफल खाली टाकलं.

"मले माहीत हाये," ती म्हणाली.

मला वाटलं, सिनेमावाल्यांनी सांगितलं असेल. तसं विचारलं. ती नाही म्हणाली. पाहिल्याबरोबर ओळखले, म्हणाली. एवढी माती, राख, रंगवलेल्या रेघा, मीसुद्धा फसले होते. मी विचारलं, कसे ओळखले?

"तू एवढीशी होतीस तवापासून तुया हातचं पानी पेलं म्या. तू वरून ओते, मी खाली ओंजळ धरो. तवा मानसाले दुसरं काय दिसते, बाई? देनाऱ्याचे हातच दिसते."

ती हे टोचून बोलली नाही. पिकाचं काहीतरी सांगावं तसं सांगितलं. मी त्या धारेत चमकणारं ऊन पाहत होते सगळी वर्षं, आणि ती खालून माझे हात पाहत होती. माझ्या अंगठ्याजवळचा तीळही तिने सांगितला.

मी विचारलं, मग तू सांगितलं का नाहीस? माझं नाव का घेतलं नाहीस? तिचे हात पहिल्यांदा थांबले.

"माये नाही म्हनून सांगतलं ना म्या. ते माह्याकडचं होतं. कोनाचे हायेत, ते तुनं सांगाचं होतं."

मी म्हटलं, सांगते, येत्या पौर्णिमेला विहारात येऊन सांगते. ती बरं म्हणाली. पण पौर्णिमेला मुलाची परीक्षा निघाली, पुढच्या पौर्णिमेला ऑफिसातलं काही. खोटी कारणं नव्हती. पण कारणं खरी असली म्हणून काय झालं. दोनदा फोन केला, सुनंदाने तिच्या कानाला लावला. ती फक्त तब्येतीचं बोलली. आठवण एकदाही करून दिली नाही. उन्हाळ्यात, पऱ्हाट्या उपटून वावरं मोकळी झाली होती तेव्हा ती गेली. मला निरोप दोन दिवसांनी कळला.

म्हणून यंदा भाचीच्या मोबाईलवर ते हात पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी पौर्णिमा आहे हे कळलं, तेव्हा मी भावाला सांगितलं, उद्या संध्याकाळी पुऱ्यात जाते. भाचीला सोबत घेतलं. विहारात बायाच जास्त होत्या. मला पाहून सरकून जागा केली, मी दाराशीच बसले. तिथे बसल्यावर कळलं की ही कुठली जागा आहे. वंदना झाल्यावर, प्रतिज्ञा सुरू व्हायच्या आधी मी उठून उभी राहिले आणि सांगितलं. याद्यांपासून सांगितलं. वही, दोन पानं, हात, राख, पुलावर न बोललेलं वाक्य. ओंजळीचंही सांगितलं. हात पुढे करून दाखवले, अंगठ्याजवळचा तीळही. तिने हात जोडले नव्हते, म्हणाले. एकदाही नाही.

भाची माझ्याकडे पाहत होती आणि तिचा चेहरा कालच्यासारखा नव्हता. कुणी रागावलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मग पहिल्या ओळीतून सुनंदा उठली. तिचे केस आता पांढरे झाले आहेत. ती रडत नव्हती.

"मी तिची सून," ती म्हणाली, "इतकी वर्सं एका चुलीवर जेवलो. मीबी तिले खोटी समजलो." मग माझ्याकडे वळली. "आता सांगून राह्यल्या तुमी. ती आयकाले पाहिजे होती, ताई."

सुनंदा मागे आली, दाराशेजारच्या भिंतीवर, गावातल्या गेलेल्या माणसांच्या फोटोंत, पंचफुलामायचा फोटो होता तो खिळ्यावरून काढला. पदराने काच पुसली. पहिल्या ओळीत, उजव्या कोपऱ्याला बायांनी न सांगता जागा केली, आणि सुनंदाने तो तिथे भिंतीला टेकवून ठेवला. मग स्वतः त्याच्या बाजूला बसली आणि प्रतिज्ञांना तिनेच सुरुवात केली. आवाज सासूसारखाच निघाला, जरा खरखरीत.

सगळ्यांनी हात जोडले. भाचीनेही, बाकीच्यांचं पाहून. माझे हात मी मांडीवर तसेच राहू दिले.